उसना शेरा

मूग गिळून गप्प बसणं मला जमत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे हे म्हणतात, तुझ्या तोंडाला दार आहे पण कडी नाही. त्या बुधवारी मात्र मी दहा मिनिटं गप्प बसले. ती दहा मिनिटं अजून माझ्या मानगुटीवर आहेत, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी आमच्या बैठकीबद्दल सांगते. लेखन शिकवणारे आम्ही तीस-पस्तीस शिक्षक दर बुधवारी चार ते पाच इंटरनेटवर जमतो. तोंडं दिसत नाहीत, आवाज येत नाही. नुसतं टाइप करायचं. सगळे एकदम लिहीत असतात, ओळी सरसर वर सरकतात, आणि नव्या माणसाला भर बाजारात आईचं बोट सुटल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येक नव्याला एक जुना सोबती देतात. स्क्रीनच्या कडेला एक छोटी चौकट उघडते, तिला आम्ही कोपरा म्हणतो. कोपऱ्यातलं फक्त दोघांना दिसतं. सोबत्यानं तिथे नव्याच्या कानात सांगायचं, हा बोलतो त्याकडे लक्ष देऊ नकोस, ही बोलते ते टिपून घे, आता तू बोल, घाबरू नकोस.

खरी नावं कुणी सांगत नाही. शाळा ओळखू येऊ नये, मुलं ओळखू येऊ नयेत, म्हणून सगळी टोपणनावं. मी ‘लाल शाई’. बैठक चालवणारा ‘मॉनिटर’. त्याच्या हातात एक घंटा आहे, अगदी शाळेची असते तशी. चार वाजता आणि पाच वाजता तो ती वाजवतो आणि ती आम्हा सगळ्यांच्या यंत्रांतून एकदम वाजते. आमचे हे दुपारची डुलकी काढत असतात, ते दर बुधवारी दचकून उठतात आणि विचारतात, “सुटली का शाळा?” हा विनोद सहा वर्षं चालला आहे.

चौतीस वर्षं वर्गात घालवली आणि सहा वर्षं या बैठकीत. चौदा नव्या शिक्षकांची मी सोबती झाले आणि चौदाच्या चौदा टिकले. याचा मला गर्व होता. तो लपवायचा असतो हे मला कळत होतं, पण लपवत नव्हते.

पंधरावी ‘कोरी पाटी’. तिचं शिकवण्याचं पहिलंच वर्ष. एवढं आणि एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. मला ताई म्हणायची. मी सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या आठवड्यात, “ताई, करून बघितलं,” म्हणून सांगायची. असं कुणी भेटलं की माणसाचं डोकं फिरायला फार दिवस लागत नाहीत.

आमच्याकडे एक रीत आहे. मुलांचे निबंध आम्ही बैठकीत मांडत नाही. शेरे मांडतो. निबंधाखाली शिक्षकानं जे दोन ओळींत लिहिलं, ते सगळ्यांसमोर ठेवायचं आणि त्यावर बोलायचं. मांडणाऱ्यानं मागचीपुढची हकीकत सांगायची नाही, कारण शेरा मुलाच्या हातात पडतो तेव्हा त्याच्यासोबत खुलासा करायला शिक्षक जात नाही. आणि एकदा मांडला की वीस मिनिटं मांडणाऱ्यानं बैठकीत एक अक्षर लिहायचं नाही. शिक्षकाला खुलासे करायची खोड असते. वीस मिनिटं तोंडाला कुलूप घातल्याशिवाय तो ऐकत नाही. त्याच्या सोबत्यानंही त्या वेळात बैठकीत गप्प राहायचं. नियम चांगला आहे. मीच सुचवला होता.

आता त्याच्या आदल्या बुधवारचं सांगते, कारण पाप तिथलं आहे.

त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते आणि बैठकीला फोनवरून आले होते. कोपऱ्यात कोऱ्या पाटीनं एका निबंधाचे फोटो पाठवले. हे रीतीत बसत नव्हतं, पण सोबत्याला चालतं असं मी मनाशी म्हटलं. तिनं लिहिलं, “ताई, ही मुलगी वर्षभर ‘माझे बाबा खूप कष्टाळू आहेत, ते मला खूप आवडतात’ एवढंच लिहायची. आणि आता हे.”

मी फोटो उघडला. मुलीनं लिहिलं होतं: “माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही दारातून आत जाण्याआधी ते एकदा खाली बघतात. लिफ्ट मजल्याला नीट लागली नसेल तर पाय खड्ड्यात जातो, म्हणून त्यांना ही सवय आहे. आमच्या घराच्या दारात खड्डा नाही, तरी बघतात.”

चौदा वर्षांची मुलगी. माझ्या दाढेतून कळ आली आणि त्याच क्षणी मी ठरवूनही टाकलं. टाइप केलं, “हे तिचं नाही. मला अशा गोष्टींचा लांबून वास येतो. शेरा स्पष्ट लिही: हे तू लिहिलेलं नाहीस.”

“आधी तिला विचारू का?”

“विचारलंस तर ती रडेल आणि तू विरघळशील. आधी लेखी दे, मग बोल.”

मग माझा नंबर पुकारला. दाढ निघाली, मी कापूस चावत घरी आले, आणि ते सगळं विसरून गेले.

पुढच्या बुधवारी चारला घंटा वाजली, आमच्या ह्यांनी शाळा सुटल्याचं विचारून घेतलं, आणि मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले. जीभ सारखी दाढेच्या खड्ड्यात जात होती. चार वाजून बारा मिनिटांनी कोऱ्या पाटीनं आपला पहिला शेरा बैठकीत मांडला.

“हे तू लिहिलेलं नाहीस.”

बस. नियमाप्रमाणे पुढेमागे काही नाही. मला आधी बरंच वाटलं. माझं वाक्य होतं, चांगलं ठसठशीत दिसत होतं. बैठकीत ओळी सरकायला लागल्या. एकीनं लिहिलं, शेवटी प्रश्नचिन्ह दिलं तर? दुसरा म्हणाला, प्रश्नचिन्हानं धार जाते. तिसरीनं ‘लिहिलेलं दिसत नाही’ असं सुचवलं. चौथ्यानं पूर्ण वाक्यच नव्यानं लिहून दाखवलं, ते आधीपेक्षा तिप्पट लांब होतं.

कोपऱ्यात कोऱ्या पाटीची ओळ उमटली. “ताई, ती बाहेर बाकावर बसली आहे.”

“कोण?”

“हा निबंध लिहिणारी. म्हणजे, न लिहिणारी. मोठ्या सरांनी बोलावून बसवून ठेवलंय. वर्षाचं शेवटचं लेखन आहे. ते नक्कल ठरलं की शून्य, आणि शून्य म्हणजे नापास. पुन्हा त्याच वर्गात अख्खं वर्ष. शेरा मी दिलाय, फक्त कागदावर सही राहिली आहे. सर पाच वाजता घेणार.”

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“मागची हकीकत सांगायची नाही ना. मला वाटलं बैठकीत चुकीचं ठरलं तर कळेल. ताई, तुम्ही तिन्ही पानं नीट वाचली होती ना?”

तिन्ही?

मी कोपऱ्यात वर वर सरकवत मागच्या बुधवारापर्यंत गेले. तीन फोटो होते. पहिला मी उघडला होता. बाकीचे दोन तसेच राखाडी, न उघडलेले. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण मी तर नुसता भांड्याचा वास घेऊन उठले होते.

दुसरं पान उघडलं. “लिफ्टचं मुख्य बटण बंद केलं की बाबा त्याला कुलूप लावतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. ‘काम चालू’ अशी पाटी लावली तरी लोक वाचत नाहीत, म्हणून किल्ली. एकदा बाबा दमले होते आणि किल्ली खिशात तशीच घरी आली. आईनं शर्ट धुवायला घेतला तेव्हा सापडली. बाबा ताटावरून उठले आणि परत गेले, कारण त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांना जिना उतरता येत नाही.”

आमचे हे चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या देखभाल खात्यात काढलेला माणूस. पंखे, पंप, लिफ्ट, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. माझ्या खांद्यावरून वाचून हसले.

“कुणाची गं पोरगी? किल्ली खिशात घरी येते, हे लिफ्टवाल्याच्या घरातल्याच माणसाला माहीत असतं. पुस्तकात नुसतं असतं, कुलूप लावा. आमच्याकडे एकाची बायको रिक्षा करून किल्ली द्यायला आली होती.”

 तिसरं पान उघडलं.

“बाबा एरवी बोलत नाहीत. मॅडमनी सांगितलं होतं, बाबांच्या हातात दिवसभर ज्या दहा वस्तू येतात त्या लिहा. मी बाबांना विचारलं. सातवी वस्तू सांगेपर्यंत जेवण गार झालं. माझ्या बहिणीचा जन्म झाला तेव्हा बाबा दवाखान्याच्या खोलीच्या दारात आले, आधी खाली बघितलं, आणि मग तिच्याकडे बघितलं. हे आईनं सांगितलं. बाबांना आठवत नाही.”

दहा वस्तूंचा तो पाठ माझा होता. पहिल्याच आठवड्यात मी कोऱ्या पाटीला दिला होता, तिनं वहीत उतरवून घेतला होता, वर्गात करून बघितला होता. चौतीस वर्षं मी ओरडत आले, मुलांनो, खरं लिहा, नेमकं लिहा, डोळ्यांनी बघितलेलं लिहा. आणि एका मुलीनं लिहिलं, तेव्हा मीच पोलीस बोलावले. मला स्वतःची इतकी किळस आली की दाढेच्या खड्ड्यात पुन्हा कळ उठली.

तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.

आता कुणीही विचारेल, मग लगेच सांगितलं का नाही? तेच तर सांगतेय. कोपऱ्यात मी लिहिलं, “थांब, मी एकच पान वाच” आणि पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिनं विचारलं, “ताई, मी बैठकीत खरं काय ते सांगू का? मुलगी बाहेर बसलीय ते?” आणि मी, मी स्वतः, या बोटांनी टाइप केलं, “वीस मिनिटं व्हायचीत. नियम आहे.”

नियमाचं निमित्त होतं. मला वेळ हवा होता. माझ्या मनात असं होतं की बैठकीतलंच कुणीतरी उठेल आणि म्हणेल, शेरा क्रूर आहे, मागे घ्या. म्हणजे मुलगी वाचेल आणि लाल शाईचं नावही निघायला नको. दुसऱ्याच्या हातानं साप मारायचा होता मला. चौदा जणांना उभं केलेली बाई दाताच्या दवाखान्यात बसून एका पानावर एका पोरीचं वर्ष निकालात काढते, हे पस्तीस जणांनी वाचलं असतं.

मी बैठकीकडे बघत बसले. कुणीतरी म्हणेल. आता म्हणेल. पस्तीस शिक्षक चार शब्दांची चिरफाड करत होते आणि ज्या मुलीला ते लिहिले ती कोण, कशी, तिनं काय लिहिलं होतं, हे एकानंही विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना तरी काय बोलू? विचारायचं नाही ही रीत आम्हीच घालून दिलेली.

माझी शेवटची आशा म्हणजे आमच्यातलाच एक, ‘अर्धविराम’. या माणसानं सहा वर्षांत एका गोष्टीला होकार दिलेला नाही. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ‘पण’ म्हणेल. चार वाजून एकोणतीस मिनिटांनी त्याची ओळ आली.

“उत्तम शेरा. धीट आहे. नव्या शिक्षकात एवढी स्पष्टता असेल तर आपल्याला आशा आहे.”

त्याच्यामागे टाळ्यांच्या खुणांची रांग लागली. आजवर मी त्याला मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या वाया गेल्या.

कोपऱ्यात: “ताई, सगळ्यांना पटतंय. म्हणजे माझंच मन कच्चं. सरांचा निरोप आलाय, पाचपर्यंत थांबत नाहीत, आत्ताच बोलावलंय. सही करून येते.”

“थांब,” मी लिहिलं. “सही करू नकोस. थांब.”

उत्तर नाही. ओळीखाली वाचल्याची खूणही नाही. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका तसाच होता, म्हणजे यंत्र चालू होतं आणि समोर माणूस नव्हतं. चार बत्तीस.

मी फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. कुणाला लावणार? तिचं नाव मला माहीत नव्हतं. शाळा माहीत नव्हती. गाव माहीत नव्हतं. सहा महिने दर बुधवारी जिचं बोट धरलं, ती रस्त्यात समोरून आली असती तर मी वाट मागून पुढे गेले असते.

“अगं, झालं काय? पांढरी पडलीस,” हे म्हणाले.

“थांबा हो जरा!” मी ओरडले. त्यांचा काही दोष नव्हता.

मग घंटा आठवली. बैठकीत लिहिलं, “मॉनिटर, घंटा वाजव. आत्ता.”

मॉनिटर सभ्य माणूस आहे, आणि सभ्य माणसासारखा संथ. “लाल शाई, आपण मांडणाऱ्याच्या सोबती आहात. चर्चा चालू आहे. आपल्याला अपेक्षित काय आहे?”

दार होतं आणि त्याला खरोखरच कडी नव्हती. मी लिहिलं. दुरुस्त न करता लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा.

“तो शेरा कोऱ्या पाटीचा नाही. माझा आहे. मी निबंधाचं तीनातलं एक पान फोनवर वाचलं आणि तिला हे वाक्य सांगितलं. मुलीला आधी विचारू का असं ती म्हणाली, मी नको म्हटलं. निबंध मुलीचाच आहे, मी आता सगळा वाचलाय. वाचून दहा मिनिटं झाली आणि मी लाजेपोटी गप्प बसले. मुलगी बाहेर बाकावर आहे. कोरी पाटी सही करायला गेली आहे. सही झाली की मुलीचं वर्ष गेलं. तिच्या यंत्राचा आवाज चालू असेल. घंटा वाजव.”

बैठक थांबली. पस्तीस माणसं आणि एक ओळ नाही.

मग घंटा वाजली.

आमचे हे दोन हातांनी कप धरून उभे होते, त्यांचा चहा हिंदकळला. घंटा थांबली आणि पुन्हा वाजली. पुन्हा. मॉनिटर वाजवत राहिला. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत, एका टेबलावरून ती वाजत असणार आणि लोक इकडेतिकडे बघत असणार. किंवा आवाज बंद असणार. किंवा ती सरांच्या खोलीत पोचली असणार, पेनाचं टोपण काढत असणार. मी टेबलाची कड धरून बसले होते. मला देवाचं नावसुद्धा सुचेना.

चार सदतीस. बैठकीत, सगळ्यांसमोर, एक ओळ.

“काय झालं? घंटा का वाजतेय? एक मॅडम जिना चढून मला बोलवायला आल्या, म्हणाल्या, तुझं यंत्र बंद कर, डोकं उठलं.”

“सही केलीस?” मी विचारलं.

“नाही. सरांच्या दारात होते.”

“वर वाच. मी काय लिहिलंय ते.”

तिनं वर जाऊन सगळं वाचलं. 

“तुम्ही एकच पान वाचलं होतं?” तिनं विचारलं.

“हो.”

“मला वाटलं, तिन्ही वाचून सांगताय. मी तिन्ही वाचली होती, ताई. चार वेळा वाचली होती.”

“मग तुला काय वाटतं? बैठकीचं सोड, माझं सोड. तुला.”

तिच्या नावापुढे ती लिहीत असल्याची खूण आली, गेली, पुन्हा आली.

“तिनंच लिहिलंय. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.” आणि लगेच दुसरी ओळ. “म्हणजे उसनं मी लिहिलंय. तिनं नाही.”

 मी लिहिलं, “जा.”

ती गेली. आणि मग कुणीच गेलं नाही. बैठक भरलेली, पस्तीस हिरवे ठिपके. एकदा अर्धविरामची लिहीत असल्याची खूण आली. मला वाटलं, आता हा मला सोलून काढणार, आणि काढलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. तो म्हणाला, “मीही विचारलं नाही, निबंधात काय होतं ते.” त्यात ‘पण’ नव्हता.

पाच वाजले. मॉनिटरनं घंटा वाजवली नाही. आमचे हे माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “एक पान वाचून तूसुद्धा?” एवढंच. मी चौतीस वर्षांत मुलांना जे काही सुनावलं असेल त्या सगळ्याची परतफेड त्या ‘तूसुद्धा’मध्ये झाली.

पाच वाजून सहा मिनिटांनी कोपरा हलला. बैठकीत नाही, कोपऱ्यात.

“झालं. सर चिडले. म्हणाले, तुम्हीच शेरा देता आणि तुम्हीच फिरवता, शाळा आहे की पोरखेळ. मी म्हटलं, शेरा माझा नव्हता, आता माझा देते. वहीतला शेरा खोडला, खाली दुसरा लिहिला, त्याच्यावर सही केली. सरांनी निबंध मागितला आणि उभ्याउभ्याच वाचला. तिसऱ्या पानावर खाली बसले. वर्ष वाचलं तिचं, ताई.”

मी टेबलावर डोकं टेकलं. ह्यांनी पाठीवर हात ठेवला. बैठकीत मी तीन शब्द लिहिले, मुलीचं वर्ष वाचलं, आणि ओळींवर ओळी यायला लागल्या. त्या मी वाचल्या नाहीत. दुसरा शेरा काय लिहिला ते मला विचारायचं होतं. बोटं पुढे गेलीही होती.

तेवढ्यात कोपऱ्यात पुढची ओळ आली.

“ताई, एक अडचण आहे. ती माझ्याजवळच उभी आहे. मी सॉरी म्हटलं तिला. ती म्हणाली, असू दे मॅडम. मग विचारते, पुढच्या वेळी मी पहिल्यासारखंच लिहू का? बाबा खूप कष्टाळू आहेत असं? म्हणजे कुणाला शंका येणार नाही.”

आणि खाली, “काय सांगू तिला?”

वर्ष वाचलं होतं आणि दुसरं काहीतरी जात होतं. ते तिथे, त्या टेबलाशेजारी उभं होतं, वही छातीशी धरून, उत्तराची वाट बघत. मला रडू फुटलं. ह्यांनी वाचलं आणि लॅपटॉप माझ्यापुढे नीट सरकवला.

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच असतं. मी ते टाइपही केलं, चार ओळींचं, सुंदर, एखाद्या पुस्तकाच्या शेवटी शोभेल असं. कोरी पाटी ते शब्दाला शब्द वाचून दाखवणार हे मला माहीत होतं. ती पोरगी पुन्हा एकदा दुसऱ्याच कुणाचं तरी वाक्य ऐकणार होती.

मी ते अक्षरन् अक्षर पुसलं.

“मला विचारू नकोस,” मी लिहिलं. “यंत्र बंद कर आणि तिच्याकडे बघून तुला वाटतं ते बोल.”

 मग हिरवा ठिपका विझला. मॉनिटरनं हळूच घंटा वाजवली, बैठकीतली माणसं एकेक करून गेली, आणि मी रिकाम्या कोपऱ्यासमोर बसून राहिले. सोबत्यानं नव्याच्या आधी कोपरा बंद करायचा नाही, ही आमची आणखी एक रीत आहे.

पावणेसहाला ठिपका पुन्हा हिरवा झाला. कोऱ्या पाटीनं एकच शब्द लिहिला, “सांगितलं.”

काय सांगितलं ते तिनं लिहिलं नाही, आणि मी विचारलं नाही.